सुपारीचा गणपती आणि विठोबाचा पलंग

सत्यनारायणाच्या पूजेला बसलं की पहिला गणपती येतो तो सुपारीचा. गुरुजी विड्याच्या पानावर चिमूटभर तांदूळ ठेवायला सांगतात, त्यावर एक सुपारी, आणि म्हणतात, "हा महागणपती, अक्षता वाहा." सुपारीला ना सोंड ना पोट. तरी तिला आसन मिळतं, आंघोळ मिळते, गंधफूल मिळतं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य मिळतो. उत्तरपूजा झाली की ती पुन्हा सुपारी. काल जिच्यापुढे हात जोडले, ती आज निर्माल्याबरोबर पाण्यात जाते आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मूर्तिपूजा म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला मोठ्या देवळापेक्षा ही सुपारी बरी वाटते. कारण "दगडात देव असतो का?" या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. आजी म्हणते, "असं बोलू नये, देवच आहे तो." शिकलेला काका म्हणतो, "अरे, ते प्रतीक आहे, मन एकाग्र करायला." दोन्ही उत्तरं सुपारीपाशी अडतात. ती देवच असेल, तर दुसऱ्या दिवशी पाण्यात कशी जाते? आणि नुसतं प्रतीक असेल, तर प्रतीकाला आंघोळ कशाला घालायची, जेवायला कशाला वाढायचं?

प्रतीकवाल्यांची आवडती गोष्ट विवेकानंदांच्या नावाने सांगितली जाते. अलवरच्या महाराजांनी मूर्तिपूजेची थट्टा केली, तेव्हा स्वामीजींनी महाराजांचाच फोटो भिंतीवरून उतरवला आणि दरबाऱ्यांना त्यावर थुंकायला सांगितलं. कुणी धजेना. कागदात महाराज नाहीत, तरी कागदाचा अपमान हा महाराजांचा अपमान. गोष्ट चांगली आहे. पण तिने आदर समजतो, पूजा समजत नाही. फोटोला आपण हार घालतो. थंडी पडली म्हणून त्याला कोमट पाण्याने न्हाऊ घालत नाही, रात्री झोपवत नाही. देवाचं हे सगळं करतात. का करतात, ते पूजेत हात काय करतात हे पाहिलं की कळू लागतं.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीची पार्थिव गणेशपूजा घ्या. कारखान्यातून गणपती घरी येतो, पाटावर बसतो, मखर लागतं, दिव्यांची माळ लागते. पोथीच्या हिशेबाने इथपर्यंत ती शाडूची मूर्ती आहे, देव यायचा आहे. मग प्राणप्रतिष्ठा. यजमान मूर्तीच्या हृदयापाशी हात ठेवतो आणि गुरुजी मंत्र म्हणतात : इथे प्राण येवोत, इथे जीव येवो, वाणी, मन, डोळे, कान ही सारी इंद्रियं इथे येऊन सुखाने राहोत. त्याला जोडून पंधरा वेळा ओंकार म्हणतात. हे पंधरा का, ते बहुतेक यजमानांना ठाऊक नसतं. संकल्पातच ते सांगितलेलं असतं : 'गर्भाधानादि पंचदश संस्कार' सिद्ध व्हावेत म्हणून. माणसाच्या जन्माआधीपासून जे संस्कार होतात, ते या मातीच्या देहावर पंधरा ओंकारांत उरकले जातात. दोन मिनिटांत एक अख्खं आयुष्य उभं करायचं, अशी ही तयारी.

त्यानंतरचे सोळा उपचार ओळीने ऐकले तर तो सरळसरळ पाहुणचार आहे. या, बसा, पाय धुवा, हात धुवा, पाणी घ्या, आंघोळ करा, हे वस्त्र, हे जानवं, हे गंध, ही फुलं, हा धूप, हा दिवा, आता जेवा, मग विडा घ्या. शेवटी प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. लांबून चालत आलेल्या माणसाचं जुन्या घरात जे व्हायचं, तेच आणि त्याच क्रमाने. यात कुठेही "ध्यान करा", "मन एकाग्र करा" अशी मुख्य पायरी नाही. ध्यानाचा श्लोक सुरुवातीला येतो आणि जातो. बाकी सगळं करण्याचं आहे, वाढण्याचं आहे.

आणि पाहुणा जातो तसा निरोपही. दीड, पाच किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा होते, अक्षता वाहिल्या जातात, देवांनी पूजा स्वीकारून जावं आणि पुन्हा येण्यासाठीच जावं असा श्लोक म्हणतात, त्यातलं 'पुनरागमनाय च' घराघरांत पाठ असतं. मग यजमान मूर्ती जागेवरून किंचित हलवतो. शास्त्राप्रमाणे देव निघतो तो या क्षणी. हातावर दही देणं, शिदोरी बांधणं, आरत्या, ढोल, चौपाटी हे सगळं त्याच्या मागून. पाण्यात जाते ती माती. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना गळा दाटतो तो आपला, आणि तो दाटू नये असं पोथीही म्हणत नाही.

म्हणजे या पूजेत मूर्ती ही देवाच्या उतरण्याची जागा आहे. बोलावलं की येतो, ठेवून घेतलं तेवढं राहतो, निरोप दिला की जातो. त्यामुळेच रूपाबद्दल आपली परंपरा एवढी सैल आहे. त्याच दिवसांत येणाऱ्या गौरी पाहा. कुणाकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी, भरजरी साडीत, दागिने घालून. कुणाकडे तेरड्याच्या रोपांच्या. आणि कोकणस्थांच्या कितीतरी घरांत खड्यांच्या : पाणवठ्यावरून पाच-सात खडे वेचायचे, तोंडात चूळ धरून न बोलता घरी आणायचे, दारात पाय धुवायचे, हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत न्यायचे. तीन घरांत तीन रूपं, पण गौर तीच. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. खड्यांच्या गौरीला पुरणपोळी कमी वाढत नाहीत.

भागवताच्या अकराव्या स्कंधात, म्हणजे ज्यावर नाथांनी आपली मराठी टीका लिहिली त्याच स्कंधात, प्रतिमेचे आठ प्रकार दिले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे माती-चुन्याची, चित्रातली, वाळूची, मनाची आणि रत्नाची. सातवी नीट पाहा. डोळे मिटून मनात घडवलेली मूर्तीसुद्धा मूर्तीच, दगडाच्या पंगतीत बसलेली. 'आम्ही मूर्ती मानत नाही, मनातच देवाचं रूप पाहतो' असं म्हणणाऱ्याला भागवत वेगळं काढत नाही, सातव्या पाटावर बसवतं. त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे : स्थिर प्रतिष्ठा केलेल्या मूर्तीला रोज आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. देव तिथे राहायलाच आला आहे, त्याला रोज "या" काय म्हणायचं! गंडकीतला शाळिग्राम आणि नर्मदेतला बाण यांनाही आवाहन लागत नाही. ते स्वयंभू मानले जातात, घडवलेले नसल्याने प्रतिष्ठाही लागत नाही.

इथे सणाची पूजा आणि देवळाची पूजा यांची वाट वेगळी होते. पाहुण्याचा पाहुणचार दहा दिवसांत संपतो. राहायला आलेल्याचं मात्र रोजचं बघावं लागतं : उठवणं, आंघोळ, कपडे, जेवण, दुपारची विश्रांती, रात्रीचं निजवणं. पंढरपूरच्या विठ्ठलाचा दिवस काकडआरतीने उजाडतो आणि शेजारतीने मिटतो. मधे महापूजा, महानैवेद्य, दुपारचा पोशाख, धूपारती. या एका दिनक्रमासाठी पूर्वी किती हात लागत ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. मुख्य बडवे होतेच, त्यांच्याशिवाय सात सेवाधारी. पूजा करणारे पुजारी, मंत्र म्हणणारे बेणारी, पाणी आणणारे परिचारक, पदं म्हणणारे हरिदास, आरसा दाखवणारे डिंगरे, दिवटी धरणारे दिवटे आणि चांदीची काठी घेऊन उभे राहणारे डांगे. देवाला आंघोळीनंतर आरसा दाखवायचा म्हणून एक घराणंच्या घराणं! राजवाड्यातली व्यवस्था आहे ही, आणि ज्याच्यासाठी ती आहे तो राजा विटेवर उभा, कमरेवर हात ठेवून, निवांत.

आषाढी-कार्तिकीला मात्र हा दिनक्रम मोडतो. वारीच्या आधी शुभ दिवस पाहून देवाचा पलंग काढतात. पलंग निघाला म्हणजे झोप बंद, शेजारती बंद. लाखो लोक रांगेत उभे असताना देव निजणार कसा? दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. उभं राहून राहून पाठ दुखेल म्हणून विठोबाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री औषधी काढा देतात, आणि मग पलंग परत येतो. उन्हाळ्यात, गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत, अंगाला चंदनाची उटी.

तुळजापुरात याच्या उलट. भवानीची मूर्ती चल, म्हणजे हलवता येणारी आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राआधीची घोरनिद्रा, महिषासुराशी लढून दमल्यावर दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. दसऱ्याचा पलंग नगरकडून मानाने येतो. पंढरीत भक्तांची गर्दी झाली की देवाची झोप जाते, तुळजापुरात देवीचं काम मोठं म्हणून तिला आधीही झोप आणि नंतरही झोप. ज्याचा जसा स्वभाव, तशी त्याची सेवा.

यावर हसणं सोपं आहे. दगडाची पाठ दुखते का? काढा देणाऱ्या पुजाऱ्याला विचारलं तर तोही वेड्याकडे बघावं तसा तुमच्याकडे बघेल. दगडाची पाठ दुखत नाही, हे त्याला तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक आहे. पण ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं असतं, आणि सर्वव्यापी, निराकार, निर्गुण अशा तत्त्वासाठी करण्यासारखं काहीच नसतं. त्याला तहान नाही, थंडी नाही, पाठ नाही. मूर्तीत उतरलेल्या देवाला हे सगळं असतं. भक्तासाठी त्याने ते पत्करलेलं असतं, असं भक्तिमार्ग मानतो. निराकाराने आकारात येण्याचं कारण एवढंच, की आपल्याला त्याला पाणी देता यावं. गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या मागे लागणाऱ्यांना क्लेश अधिक, असं म्हटलंय ते याच अंगाने. निर्गुणाची उपासना खोटी म्हणून नव्हे, देह असलेल्या माणसाला ती वाट अवघड म्हणून.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. देव एका जागी उतरला की त्या जागेला भिंती येतात, भिंतींना दार येतं, आणि दाराशी कुणीतरी उभं राहतं. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्याला जिवंतपणी आत जाता आलं नाही, तो गेल्यावरही बाहेरच. दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. वंशपरंपरेचे पूजाधिकार काढून घेणारा कायदा १९७३ चा. त्यावरची कोर्टबाजी २०१४ पर्यंत चालली. मूर्तीचं तत्त्वज्ञान कितीही उदार असलं, तरी तिच्या गाभाऱ्याचा इतिहास तेवढा उदार नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मूर्तिपूजा समजावणं मला अर्धवट वाटतं.

मूर्तीवर सर्वांत कडक टीका बाहेरून आली, असं अनेकांना वाटतं. प्रार्थना समाज १८६७ चा, आर्य समाज १८७५ चा, दोन्ही मुंबईत स्थापन झालेले, दोघांचाही मूर्तिपूजेला विरोध. पण त्याच्या पाच-सहाशे वर्षं आधी नामदेवांनी म्हणून ठेवलं होतं, की दगडाचा देव भक्ताशी बोलतो असं सांगणारा आणि ते ऐकणारा, दोघेही मूर्ख. हे कोण म्हणतंय? ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला अशी कथा आपण लहान मुलांना सांगतो, तेच नामदेव. महानुभावांनी देवळातल्या मूर्ती सोडल्या, पण चक्रधरस्वामींचा स्पर्श झालेले दगड आणि ते जिथे बसले त्या जागा ते वंदनीय मानतात. म्हणजे आकार सोडला, जागा सोडवली नाही.

आणि तुकोबा. दगडाचाच देव आणि दगडाचीच पायरी, एकाची पूजा आणि एकावर पाय, असं सांगून ते म्हणतात : 'सार तो भाव'. दुसऱ्या एका अभंगात ते याहून पुढे जातात. मातीचा शंकर केला, त्यात मातीची काय थोरवी? पूजा शिवाला पोचते, 'माती मातीमाजी सामावे'. गणपती विसर्जनाची पोथी जे म्हणते तेच हे, चार शब्दांत. दगड दगडच राहिला, पूजा मात्र पोचली; दोन्ही खरं. त्यांना यात विरोध दिसत नाही, कारण दगडाचं देवात रूपांतर होतं असा दावा त्यांनी कधी केलाच नाही. गंमत अशी की पंढरपूरच्या त्याच देवळात पायरीचीही पूजा होते. नामदेव पायरीवर वारकरी पाय ठेवत नाही, डोकं ठेवतो. तुकोबांच्या अभंगातली पायरीसुद्धा भावाने देव झाली.

भागवत याच्या पुढची एक अट घालतं आणि ती आपण सोयीने विसरतो. तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आईला सांगतात, की सर्व प्राण्यांत असलेल्या मला डावलून जो फक्त मूर्तीची पूजा करतो, तो राखेत हवन करतो. म्हणजे ज्या ग्रंथात मूर्तीचे आठ प्रकार, त्याच ग्रंथात हा इशारा. चोखोबांना दाराबाहेर ठेवून आत महापूजा करणाऱ्यांनी हा श्लोक वाचलेला नव्हता असं म्हणवत नाही. विद्वान होते सगळे.

देव मूर्तीत नेमका कसा असतो, हा प्रश्न कोर्टालाही सुटला नाही, पण कोर्टाला निकाल द्यावाच लागतो. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मलिक घराण्यातला तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. घरच्या देवाची मूर्ती पाळीपाळीने कुणाच्या घरी न्यायची, यावरून भाऊबंदकी. कौन्सिलने सांगितलं, की मूर्ती म्हणजे वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, कायद्याच्या नजरेत ती व्यक्ती आहे, आपण कुठे राहावं याबद्दल तिची इच्छा विचारात घ्यायला हवी, आणि ती मांडायला कुणी तिऱ्हाईत माणूस नेमा. इंग्रज न्यायाधीशांनी देवाची इच्छा विचारावी, हे वाचून मला अजूनही हसू येतं. पुढे १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवाला आयकरही लागू शकतो असं ठरवलं. व्यक्ती म्हटल्यावर कर आलाच. अयोध्येच्या २०१९ च्या निकालात न्यायालयाने याची उकल केली : कायदा व्यक्ती मानतो ते दगडाला नव्हे, त्यामागच्या धार्मिक हेतूला, मूर्ती हा त्या हेतूचा दिसणारा देह. मूर्ती भंगली, हरवली तरी हेतू उरतो. वकिली भाषेत तुकोबाच.

मूर्ती भंगली तर काय, हा प्रश्न घराघरांतला आहे. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, तिचं विसर्जन करतात, हा सर्वसाधारण नियम. पिंपळाच्या पारावर फुटक्या काचेच्या तसबिरी टेकवून जायची मात्र ही रीत नव्हे, तो आळस आहे. अक्षता टाकून निरोप द्यायला एक मिनिट लागतं. झिजणं आणि भंगणं यांतही फरक करतात. विठोबाचे पाय भक्तांच्या हातांनी आणि कपाळांनी झिजले आहेत. त्यावर वेळोवेळी वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, द्यावा लागतो, २०२० मध्येही पुरातत्त्व खात्याने दिला. पण त्या पायांना खंडित कुणी म्हणत नाही. पदस्पर्शाची रांग चालूच आहे.

देवघरातले टाकही असेच झिजतात. खंडोबा, भवानी, वीर, असे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले बोटभर आकार. पिढ्यान्‌पिढ्या चिंच-रांगोळीने घासून घासून घोड्याचे पाय आणि खंडोबाचे डोळे सपाट होतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं की आता नवे करायला हवेत, आणि सोनाराकडे फेरी होते. नवे टाक घरी आले तरी लगेच देवघरात बसत नाहीत. खंडोबा कुलदैवत असेल तर त्यांना ताम्हनात घालून जेजुरीला नेतात, गडाच्या पायऱ्या चढतात, गाभाऱ्यात मूळ देवाला टेकवून भंडारा लावतात. याला देवभेट म्हणतात. भेट झाली की टाक घरी येतात आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यांची आंघोळ आपल्याकडे लागते.